पानथरी कोणाची, राग कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात भाषांतरविषयक एका परिसंवादात माझ्या एका विद्वान स्नेह्यांनी असे विधान केले की, इंग्रजीतील 'स्प्लीन' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, आणि ज्या भाषेत तो नाही त्या भाषेच्या मनोजीवनात एक मोठी पोकळी आहे असे समजावे. राग आम्हांस ठाऊक आहे, दुःखही ठाऊक आहे. परंतु सुसंस्कृत मनाला जगाच्या सामान्यपणाचा जो वीट येतो, व त्या विटातून जो एक तऱ्हेवाईक, तिखट, अभिजात चिडखोरपणा जन्मास येतो, तो आमच्या अनुभवाच्या कक्षेत आलेलाच नाही. सबब तो शब्द जसाच्या तसा उचलून आमच्या भाषेत रुजवावा, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ होता. टाळ्या पुष्कळ पडल्या. अध्यक्षांनी समारोपात ही सूचना 'विचारप्रवर्तक' ठरविली. मी त्या वेळी गप्प बसलो. सभेत गप्प बसून घरी आल्यावर बोलणे ही प्राध्यापकवर्गाची जुनी खोड आहे, आणि प्रस्तुत लेख त्या खोडीचेच फळ आहे, हे आरंभीच कबूल करतो.

प्रथम शब्दाचेच पाहू. इंग्रजी 'स्प्लीन' हा मूळचा ग्रीक. लॅटिन व जुनी फ्रेंच यांच्या वाटेने तो इंग्रजीत आला. आमचा 'प्लीहा' त्याच मूळ धातूपासून निघालेला आहे. म्हणजे हे दोन शब्द सख्खे नसले तरी चुलत भाऊ खासच. अथर्ववेदात ज्या ज्या अवयवांतून रोग हुसकून लावावयाचा त्यांच्या यादीत यकृताशेजारी प्लीहा बसलेली आहे. जो पाहुणा परदेशाहून आणावा असे माझे स्नेही म्हणतात, तो वेदकाळापासून आमच्या ओसरीवर बसून आहे. आणि घरगुती भाषेत त्याला 'पानथरी' असे स्वच्छ, सुटसुटीत नावही आहे. अवयव एकच, शब्दाचे मूळही एकच. भेद पडला तो त्या अवयवाच्या खुंटीवर कोणी काय टांगले एवढ्यापुरता.

ग्रीक वैद्यांनी शरीरात चार द्रव मानले: रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. काळ्या पित्ताचे ठाणे पानथरीत, आणि ते उसळले की माणूस खिन्न होतो, अशी त्यांची उपपत्ती. 'मेलँकली' या भारदस्त शब्दाचा अक्षरार्थ 'काळे पित्त' एवढाच आहे. आमच्या वैद्यांनी दोष मानले तीन, व त्यांत काळे पित्त नाही. चरकाने यकृत आणि प्लीहा यांना रक्तवह स्रोतसांचे मूळ म्हटले, आणि संताप पित्ताच्या खात्यावर टाकला. म्हणून मराठी माणसाचे पित्त खवळते. त्याची पानथरी खवळत नाही. हे भाषेचे दारिद्र्य कसे ठरते ते मला कळत नाही. काळे पित्त नावाचा पदार्थ आजवर कोणाही शरीरशास्त्रज्ञाला सापडलेला नाही. अस्तित्वात नसलेल्या द्रवापासून साधलेला शब्द आमच्याकडे नाही, एवढ्यावरून आमच्या मनोजीवनात पोकळी आहे असे म्हणावयाचे असेल, तर आमच्या वातविकारांवरून इंग्रजांच्या मनोजीवनाविषयीही काही बोलता येईल.

बरे, हा इंग्रजी शब्द तरी एकनिष्ठ आहे काय? शेक्सपिअरच्या नाटकांत पानथरी कधी हसते, कधी भडकते. तिच्यामुळे हसू येते ही समजूत प्लिनीच्या ग्रंथात आहे, तालमुदातही आहे. पुढे तीच पानथरी खिन्नतेचे घर झाली, आणि शेवटी आकस व विखार यांची वखार. एका खोलीत चार भाडेकरू नांदून गेले. माझ्या स्नेह्यांना यांपैकी कोणता हवा आहे? खिन्नता हवी असेल तर मराठीत उदासी आहे, मरगळ आहे, विषण्णता आहे. तुसडेपणा हवा असेल तर वैताग आहे, चिडचीड आहे, त्रागा आहे, नाकावरचा राग आहे. द्वेष हवा असेल तर आकस, खार, जळफळाट, पोटदुखी आणि कुजकेपणा ही मंडळी हात जोडून उभी आहेत. आणि मनात साठलेली ही जळजळ भलत्याच गरीब माणसावर ओकून मोकळे होण्याची जी क्रिया, जिच्यासाठी इंग्रजी माणूस विशेषेकरून हा शब्द वापरतो, तिला आमच्या आजीबाईंनी 'वड्याचे तेल वांग्यावर' असे नाव देऊन ठेविले आहे. त्यात वांगे कोण याचा उल्लेख आहे, हे लक्षात ठेवावे. इंग्रजी वाक्प्रचारात तो नाही.

आता त्या 'अभिजात' चिडखोरपणाकडे वळू. इंग्लंडात अठराव्या शतकात हा आजार सुखवस्तू समाजाचा अलंकार झाला होता. अॅन फिंच यांनी 1701 साली त्यावर कविता छापली. पोपने 'द रेप ऑफ द लॉक' 1714 साली वाढविले तेव्हा त्यात स्प्लीनदेवीची गुहाच घातली. मॅथ्यू ग्रीन या जकात खात्यातल्या कारकुनाने त्याच नावाचे एक सबंध काव्य लिहिले, ते 1737 साली बाहेर आले. बाथ येथील डॉक्टर जॉर्ज चेनी यांनी 1733 साली 'द इंग्लिश मॅलडी' हा ग्रंथ लिहून या दुखण्याला राष्ट्रीय दर्जाच देऊन टाकला. दमट हवा, सकस जमीन, जड अन्न, बैठे जीवन आणि गर्दीची शहरे ही कारणे सांगून, प्रतिष्ठितांच्या तक्रारींपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा याच जातीचा आहे, असे ते म्हणतात. दुखणे आहे असे सांगता सांगता ते सुबत्तेचे प्रमाणपत्र कसे होते, हे त्या ग्रंथात पाहावे. (स्वतः चेनी एके काळी वजनाने चारशे पौंडांच्या वर गेले होते, व पुढे दूध आणि भाजीपाला यांवर राहून त्यांनी प्रकृती सुधारली; त्यांच्या शास्त्रापेक्षा त्यांचा आहार मला अधिक विश्वसनीय वाटतो.) या सर्व मंडळींत खरे पाहिले ते एकट्या स्विफ्टने. 1726 च्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये एखादा धष्टपुष्ट याहू काही कारण नसता कोपऱ्यात जाऊन आरडाओरड करू लागतो, आणि घोडे त्याला कष्टाच्या कामाला जुंपतात की तो ताळ्यावर येतो. गलिव्हर हे ऐकून स्वजातीच्या अभिमानास्तव गप्प बसतो. पुढे शतक उलटल्यावर बोदलेअरने हाच इंग्रजी शब्द पॅरिसला नेऊन त्याला निराळीच खोली दिली, व आमचे नवे रसिक त्याच्यामार्फत त्याच्या प्रेमात पडले. बोदलेअरशी माझे भांडण नाही. त्याने आपल्या दुःखाची किंमत स्वतः मोजली.

एवढ्यावर हा वाद संपला असता, तर तो शब्दकोशातला वाद म्हणून मी सोडून दिला असता. परंतु मला जे म्हणावयाचे आहे ते निराळे आहे, आणि त्याचे निमित्त एका विद्यार्थिनीने दिले. पोपचे ते काव्य मी सत्तावीस वर्षे शिकवीत आलो आहे. चौथा सर्ग आला की 'स्प्लीन' या शब्दावर मी दोन ओळींची टीप सांगतो: 'पोटातील एक अवयव, जुन्या समजुतीप्रमाणे खिन्नतेचे व चिडखोरपणाचे स्थान.' वर्ग लिहून घेतो, मी पुढे जातो. दोन वर्षांमागे गडचिरोली जिल्ह्यातून आलेल्या एका मुलीने हात वर केला व विचारले, "सर, वारंवार हिवताप आलेल्या पोराच्या पोटात डाव्या अंगाला गोळा लागतो, तो हाच का?" मी म्हणालो, "तोच." ती म्हणाली, "मग याने माणूस चिडका होतो असे त्यांना का वाटले? माझा भाऊ तर नुसता पडून असायचा." वर्गात थोडे हसू झाले. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. घरी येऊन मात्र माझी टीप मला टोचू लागली. आपल्या देशात शेकडो वर्षे लाखो लोकांना जो अवयव हाताला लागत होता, त्याच्याविषयी मी सत्तावीस वर्षे लंडनच्या दिवाणखान्यातली समजूत लिहवून घेत होतो!

पानथरी हा निरोगी माणसाला कधी जाणवत नाही असा अवयव आहे. डाव्या फासळ्यांच्या आडोशाला, जठराच्या मागे ती असते. वजन सुमारे 150 ग्रॅम, लांबी सुमारे 12 सेंटिमीटर. रक्तातील तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. ज्या जुन्या व निकामी झाल्या त्या वेचून मोडीत काढणे, आणि रक्तात शिरलेल्या जंतूंशी सामना करणे, ही तिची कामे. ती काढून टाकली तरी माणूस जगतो, मात्र काही जंतूंच्या बाबतीत जन्मभर सावध राहावे लागते. हिवतापाचे जंतू तांबड्या पेशींतच घर करतात. तेव्हा त्या पेशी मोडण्याचा बोजा पानथरीवर पडून ती फुगते, फासळ्यांखालून बाहेर येते. असली वाढ चरकाच्या उदररोगाच्या प्रकरणात वर्णिलेली आहे. हाताला ती आधी दगडी गोट्यासारखी व मग कासवाच्या आकाराची लागते, असे तो सांगतो. हे वर्णन कल्पनेने सुचणारे नाही. ते रोग्याच्या पोटावर हात ठेवून केलेले आहे. इतकी फुगलेली पानथरी ठिसूळ होते. निरोग्याला जो फटका लागून नुसते हुळहुळेल, त्याच फटक्याने ती फुटते, रक्त पोटातल्या पोटात वाहते, आणि अंगावर जखम न दिसता माणूस मरतो.

आता 1875 सालच्या आग्र्यास चलावे. रविवारची सकाळ आहे. फुलर नावाचे एक इंग्रज वकील सहकुटुंब चर्चला निघाले आहेत. गाडी दाराशी आली, पण घोड्याचा मोतद्दार जागेवर नाही. बोलावल्यावर तो आला. एवढ्या कारणावरून साहेबांनी त्याच्या डोक्यातोंडावर उघड्या हाताने मारले, व केस धरून ओढले, तेव्हा तो खाली पडला. साहेब प्रार्थनेस गेले. मोतद्दार उठला, शेजारच्या आवारात गेला, आणि तेथे थोड्याच वेळात मेला. त्याचे नाव कटवारू. डॉक्टरांनी तपासले, तेव्हा मृत्यूचे कारण निघाले ते असे: पानथरी रोगाने वाढलेली होती, ती फुटली, आणि अशी पानथरी अगदी हलक्या धक्क्याने, मग तो फटक्याचा असो वा पडण्याचा, फुटू शकते. जॉइंट मॅजिस्ट्रेट लीड्स यांनी साहेबांना इजा केल्याच्या अपराधाबद्दल दोषी ठरवून 30 रुपये दंड केला. तो न दिल्यास 15 दिवस साधी कैद. दंडाची रक्कम कटवारूच्या विधवेस द्यावी, असा हुकूम झाला.

हे प्रकरण इतिहासात राहिले ते व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी जुलै 1876 मध्ये त्यावर कडक ठपक्याचा मिनिट काढला म्हणून. अलाहाबादच्या हायकोर्टाचे मत विचारले असता, शिक्षा हलकी वाटली तरी तीत विशेष आक्षेपार्ह काही नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. लिटनसाहेबांनी तो मानला नाही, मॅजिस्ट्रेटची बढती काही काळ रोखली, आणि हिंदुस्थानातील गोरा समाज कटवारूच्या मृत्यूने जितका हलला नव्हता तितका या ठपक्याने हलला. लिटनना या कारणास्तव फार वर चढवावे असेही नाही. देशी भाषांतील पत्रांच्या तोंडाला कुलूप घालणारा 1878 चा कायदा त्यांचाच. परंतु एक गोष्ट त्यांनी जाणली होती, ती अशी की, असल्या खटल्यांची एक रीतच पडून गेली होती. साहेबाचा हात उठावा, नोकर मरावा, आणि मृत्यूचा दोष नोकराच्या पानथरीच्या माथी जावा, हे त्या काळात इतके वारंवार घडले की, 'पानथरी फुटून मृत्यू' या शब्दांवरील देशी लोकांचा विश्वासच उडाला.

डॉक्टर खोटे बोलले असे मी म्हणत नाही. कटवारूची पानथरी फुटलीच असेल. माझा प्रश्न मृत्यूच्या कारणाला दोषाची जागा कोणी दिली हा आहे. 1860 च्या पिनल कोडाच्या 299व्या कलमाखालीच असे स्पष्टीकरण होते की, आधीच रोगाने पीडित असलेल्या माणसाला इजा करून कोणी त्याचा मृत्यू लवकर ओढवला, तर तो मृत्यू त्यानेच घडविला असे मानावे. (ते कोड 1 जुलै 2024 रोजी गेले, ते स्पष्टीकरण भारतीय न्याय संहितेच्या 100व्या कलमाखाली आजही आहे.) मग सुटका कोठून? तर 'ठाऊक नव्हते' या दोन शब्दांतून. रोगाची माहिती नसता मारले, तर अपराध उतरतो. पण ठाऊक कोणाला नव्हते? यमुनेच्या कालव्यांमुळे हिवताप वाढतो की काय हे ठरविण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीतले डॉक्टर डेम्पस्टर यांनी 1845 ते 1847 च्या सुमारास कर्नालकडील खेड्यांत लोकांच्या पोटांना हात लावून किती पानथऱ्या वाढलेल्या आहेत याची मोजदाद केली होती. खेड्यातील हिवतापाचे मान काढण्याची ती रीत पुढे जगभर चालली. नॉर्मन चेव्हर्स यांचा 1856 चा न्यायवैद्यकाचा ग्रंथ तर बंगाल व वायव्य प्रांत यांच्यासाठीच लिहिलेला होता, आणि आग्रा वायव्य प्रांतातच येत होते; त्यात पानथरी फुटण्याचा ऊहापोह आहे. म्हणजे सरकारला ठाऊक, डॉक्टरांना ठाऊक, कोर्टात रोज बसणाऱ्या वकिलांना ठाऊक. ठाऊक नव्हते ते फक्त ज्याचा हात उठला त्याला, आणि तेही फक्त हात उठला त्या क्षणापुरते.

येथे माझे स्नेही म्हणतील की, हे सर्व दुःखद आहे खरे, पण याचा साहित्याशी काय संबंध? पोप 1744 साली वारला. आग्र्याच्या मोतद्दाराचे ओझे त्याच्या खांद्यावर कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि पोपवर मी कसलेही ओझे टाकीत नाही. ओझे टाकतो ते माझ्यावर आणि माझ्या स्नेह्यांवर. आम्ही हा शब्द पोपच्या घरी जाऊन शिकलो नाही. ज्या राज्याने आग्र्याचे ते कोर्ट चालविले त्याच राज्याने काढलेल्या कॉलेजांतून, त्याच्याच टिपांसह तो आमच्याकडे आला; आणि त्या टिपांत शब्दाचे अर्धेच चरित्र होते. चिडखोरपणा असा अर्थ साहेबाच्या वाट्याला, अवयव असा अर्थ मोतद्दाराच्या वाट्याला. हे दोन्ही अर्थ एका सकाळी एका दाराशी एकत्र आले, तेव्हा एकाला 30 रुपये पडले आणि दुसऱ्याचा जीव गेला. मराठीतच काय, कोणत्याही हिंदी भाषेत हा शब्द आणावयाचा असेल, तर तो असाच दोन पायांवर आणला पाहिजे. एक पाय छाटून, अत्तर लावून, 'अभिजात' म्हणून त्याला रंगमंचावर उभा करणे ही मला भाषांतराची चूक वाटते, आणि भाषांतराच्या चुकीहून अधिकही काही वाटते.

त्या भाषणातील आणखी एका वाक्याबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. 'चिडखोरपणा ही अभिरुचीची किंमत आहे,' असे ते म्हणाले. आमच्या शिक्षित वर्गात ही समजूत चांगली मुरलेली आहे. समीक्षक जितका तिरसट तितका मोठा. प्राचार्य जितका कडाडणारा तितका कर्तबगार. घरातला कर्ता पुरुष जितका तऱ्हेवाईक तितका बुद्धिमान. हा चिडखोरपणा वरच्या दिशेने वाहताना मी कधी पाहिला नाही. संस्थेच्या चिटणिसासमोर तो नाहीसा होतो व शिपाईमामांसमोर प्रकट होतो. मी स्वतः एकदा वर्गाची किल्ली मिळण्यास पाच मिनिटे उशीर झाला म्हणून, मुलांसमक्ष, माझ्याहून वयाने मोठ्या अशा आमच्या शिपाईमामांना नाही नाही ते बोललो, आणि लगेच आत जाऊन विनोदी काव्यातील सूक्ष्म उपहासावर व्याख्यान दिले. मामा त्या दिवशी तापातून उठून आले होते, हे मला दुपारी कळले. मलाही 'ठाऊक नव्हते.'

या जूनपासून मी ती टीप बदलली आहे. ती आता अशी सांगतो: 'स्प्लीन: प्लीहा, पानथरी. डाव्या फासळ्यांखालील अवयव. हिवतापात वाढतो व हलक्या माराने फुटू शकतो. युरोपात हे खिन्नतेचे व चिडखोरपणाचे स्थान मानीत; हिंदुस्थानात इंग्रजी अमदानीत मार खाऊन मेलेल्या नोकरांच्या मृत्यूचे कारण म्हणून कोर्टाच्या कागदांत याचे नाव वारंवार येते. पाहा: कटवारू, आग्रा, 1875.' वर्गाने मुकाट्याने लिहून घेतले. मागच्या बाकावरून मात्र तत्काळ विचारणा झाली की, परीक्षेत एवढे सगळे लिहिले तर गुण मिळतील का? पेपर तपासावयास मी असेनच असे नाही, एवढेच मला सांगता आले.